वेदीवरील साथीदार

आपल्या चिंचवडला कीर्तन नवे नाही. बुवांचे ध्रुपद टाळकरी उचलून धरतात, तेव्हाच ते रंगते. ख्रिस्ती उपासनेत धर्मगुरूंचा असाच साथीदार म्हणजे वेदीसेवक, बहुधा एखादा मुलगा. मेणबत्ती धरावी, द्राक्षारस व पाणी पुढे करावे, घंटी वाजवावी, ही त्याची कामे. पुणे धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला, तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होई आणि मंडळींच्या वतीने लॅटिन उत्तरे हा मुलगाच देई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला वाट करून दिली. उत्तराचा मान साऱ्या मंडळींकडे आला. १९९४ साली बिशपांच्या संमतीने मुलींनाही वेदीसेवेची मुभा मिळाली. साथीदाराचे शब्द सर्वांच्या मुखी गेले, यातच त्याच्या सेवेचे सार्थक झाले, असे आम्हांस वाटते.