शिसवीचा डौल मोजक्या वापरातच

रंगावली नदीकाठचे नवापूर हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील सीमेचे गाव. येथील रेल्वे स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात, तर काही भाग गुजरातेत आहे. गावाच्या दोन्ही अंगांना, नंदुरबार आणि डांगच्या पानझडी जंगलांत, सागाच्या सोबतीने वाढणारा एक मातब्बर वृक्ष म्हणजे शिसव. सागाने घर उभे राहते. शिसवीने ते सजते. परंतु घर सजविण्याचे हे काम शिसव थोडक्यात असेल तेव्हाच नीट साधते. सगळीकडे पसरलेली शिसव खोलीला काळोखी आणते आणि खिशालाही जड होते.

शिसव कोणती, शिसू कोणता?

वनस्पतिशास्त्रात शिसवीला डाल्बर्जिया लॅटिफोलिया म्हणतात. 'शीशम' म्हणून दुकानांत मिळणारे पुष्कळसे फर्निचर मात्र तिच्या भावंडाचे, म्हणजे उत्तर भारतातील शिसूचे (डाल्बर्जिया सिसू) असते. शिसू वाईट नव्हे. पण त्याचा रंग सोनेरी तपकिरी असतो. अस्सल शिसवीच्या गाभ्यात जांभळट तपकिरी रंगावर काळसर रेषा धावतात. सालीलगतचा पांढुरका भाग कीड चटकन पकडतो, म्हणून तो काढून टाकावा. कोरडी शिसव घनमीटरला सुमारे ८५० किलो भरते, तर साग साडेसहाशेच्या आसपास. फळी हातात घेताच हा फरक जाणवतो.

रेषांचे सौंदर्य कापणीत

एकाच ओंडक्यातून दोन तऱ्हेच्या फळ्या निघतात. ओंडका सरळ आडवा चिरत गेल्यास फळीवर डोंगररांगांसारख्या कमानी उमटतात. गाभ्यापासून सालीकडे, म्हणजे वर्षवलयांना काटकोनात चिरल्यास सरळ, समांतर पट्टे मिळतात. कमानींची फळी नजर वेधून घेते, पट्ट्यांची फळी शांत असते. म्हणून टेबलाचा माथा किंवा पलंगाचे डोक्याकडील पाठफळे कमानींचे आणि पाय, कडा, चौकटी पट्ट्यांच्या, अशी वाटणी चांगली दिसते. दोन नक्षीदार फळ्या शेजारी आल्या की एकीचेही सौंदर्य उरत नाही.

या बाबतीत मुंबईचा इतिहास बोलका आहे. एकोणिसाव्या शतकात 'बॉम्बे ब्लॅकवुड' या नावाने गाजलेले फर्निचर शिसवीचेच होते. लाकूड घट्ट असल्याने त्यावर बारीक जाळीकाम टिकले आणि युरोपीय ग्राहकांना ते आवडले. मात्र पाने-फुले आणि वेलबुट्टीच्या दाटीत लाकडाची स्वतःची रेषा झाकली गेली. कोरीव काम करायचे असेल तर साध्या रेषेची फळी निवडावी. नक्षीदार फळी सपाटच ठेवावी.

बैठकीच्या खोलीत

एका खोलीत शिसवीचा एकच मोठा पृष्ठभाग असावा. झोपाळ्याची फळी, मधले टेबल किंवा एखादे कपाट यांपैकी एक निवडावे. भोवती पांढरी किंवा फिकट भिंत, सुती कापड आणि सागाचे साधे फर्निचर असले म्हणजे गडद रंग उठून दिसतो. थेट उन्हात लाकडाचा रंग पालटतो, म्हणून खिडकीसमोरची जागा टाळावी. नवापूरकडे पावसाळा दमट आणि उन्हाळा कडक असतो. लाकूड आडव्या अंगाने फुगते आणि आकसते. त्यामुळे दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवावी. डिंकाने जखडल्यास ती तडकते.

स्वयंपाकघरात

शिसवी पोळपाट-लाटणे मराठी घरांना नवे नाही. पण संपूर्ण स्वयंपाकघर शिसवीचे करणे म्हणजे उधळपट्टी. कपाटांचा सांगाडा पाण्याला टिकणाऱ्या (आय. एस. ७१०) प्लायवूडचा करावा. डोळ्यांच्या पातळीवरील एका रांगेच्या दारांना शिसवीचा पापुद्रा, म्हणजे व्हिनिअर लावावा. एकाच ओंडक्यातून लागोपाठ निघालेले पापुद्रे क्रमाने लावल्यास रेषा एका दारातून दुसऱ्यात वाहत जाते. त्यासाठी पत्रे आधीच मोजून, क्रमांक टाकून घ्यावेत. मोरीच्या खाली आणि शेगडीच्या लगत वाफ, तेल व हळदीचा मारा होतो. तेथे साधा सनमायकाच बरा. भरीव शिसव मुठी आणि कडेच्या पट्ट्यांपुरती ठेवावी.

पॉलिश करताना

शिसवीत नैसर्गिक तैलद्रव्ये असतात. त्यांमुळे जवसाच्या तेलासारखी तेले तिच्यावर नीट वाळत नाहीत, तर कधी डिंकही पकड घेत नाही. जोड देण्यापूर्वी पृष्ठभाग स्पिरिटने पुसून घ्यावा. प्रथम चपड्याच्या लाखेचा पातळ हात द्यावा, मगच वरचे पॉलिश चढवावे. रंग मिसळून लाकूड आणखी काळे करण्याची हौस टाळावी. रंधा मारताना उडणारा भुसा काहींच्या त्वचेला व श्वासाला त्रास देतो. कारागिराने तोंडाला फडके बांधावे.

कागदपत्रांविना खरेदी नको

शिसव सावकाश वाढते आणि जागतिक निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत ती 'असुरक्षित' गणली आहे. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जियाच्या जवळजवळ सर्व जाती 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या, त्यामुळे परदेशी माल नेण्याआधी नियम पाहावे लागतात. लाकडाच्या वाहतुकीसाठी वन खात्याचा परवाना लागतो. सीमेवरच्या नवापुरात तर ही बाब अधिकच महत्त्वाची. आदिवासी खातेदाराच्या शेतातील झाडांच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. गरजू शेतकऱ्याकडून कवडीमोलाने झाड काढून घेतले जाऊ नये, हा त्यामागील हेतू. म्हणून 'ओळखीतून, स्वस्तात' मिळणारी फळी कोणाच्या तरी बांधावरून परस्पर आली असण्याची शक्यता ध्यानी घ्यावी आणि पावतीशिवाय ती घेऊ नये.

सर्वांत निर्धोक स्रोत बहुधा घरातच असतो. आजोबांच्या मोडक्या शिसवी पलंगाचे पाय, जुन्या वाड्याच्या दाराची फळी यांचे लाकूड कित्येक वर्षे मुरलेले असते. कुशल सुतार त्यातून टेबलाचा माथा किंवा देव्हारा सहज काढतो. त्यासाठी नवे झाड पडत नाही आणि घराची आठवणही टिकून राहते.