फाट्यावरच्या सायकली

निपाणीला रेल्वे नाही. आमच्या भागाचं सगळं येणं-जाणं पुणे-बेंगळूरू रस्त्याच्या जिवावर. मुंबई राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, तेव्हा आमचा बेळगाव जिल्हा त्याच राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. रस्ता एकच, पण त्यावर दोन सरकारांच्या गाड्या आल्या. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न तापला की पहिल्यांदा बंद व्हायच्या त्या या गाड्याच. डिसेंबर २०२२ मध्येही तेच झालं.

सायकलीला परमिट लागत नव्हतं. १९६० साली देवचंद कॉलेज निघालं ते अर्जुननगरला. निपाणीला खेटून, पण कागल तालुक्यात. आम्ही पोरं पायडल मारत घरातनं निघायचो आणि पहिल्या तासाला महाराष्ट्रात हजर!

खेड्यातल्या नोकरदारांची रीत वेगळी. कॅरियरला डबा अडकवून ते यमगर्णी, सौंदलग्याच्या फाट्यावर यायचे. चहाच्या टपरीमागं सायकली एकमेकींना टेकवून, साखळी घालून ठेवायच्या आणि एसटी धरायची. संध्याकाळी टपरीवाला कंदील लावून बसलेला असे. चाकात हवा कमी असली तर पंप तोच द्यायचा. पैसे कुणी मागत नसे; जाताना एक चहा प्यायचा, झालं. घर ते फाटा सायकल, पुढं बस: ही व्यवस्था कुठल्या खात्यानं आखली नव्हती, तरी ती चालली.

हप्त्यावर मोटारसायकली मिळू लागल्या आणि ती मोडली. फाट्यावर उतरणारा माणूस आता थेट शहरात गाडी घालतो. बेळगावात गोगटे सर्कलचा जुना रेल्वेपूल पाडून २०१८ ला रुंद पूल झाला, तरी पुढचे रस्ते होते तेवढेच आहेत. उद्यमबागेच्या कारखान्यांची वाट एकेकाळी सायकलींची होती. आता सायकली एकत्र दिसायच्या तर जिल्हा म्हैसूरात गेला त्या १ नोव्हेंबरला मराठी माणसं पाळतात त्या काळ्या दिनाची सायकल फेरी बघायची.

माणसं बसकडं परत येत नाहीत, असंही नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या गाड्यांचं तिकीट माफ झालं आणि गाड्या भरून वाहू लागल्या. आता फाट्यावर एक छप्पर, साखळी घालायला लोखंडी पाइप आणि वेळेवर येणारी गाडी हवी. त्यासाठी सीमाप्रश्न सुटायची वाट बघावी लागत नाही.