तळटीप : फिरंगेची मूठ
* फिरंग या मराठ्यांच्या आवडत्या तलवारीचे सरळ पाते बहुधा युरोपातून आलेले असे. मूठ मात्र इथल्या कारागिराची. सरदारी मुठींवर कोफ्तगरी असे. कारागीर लोखंडावर बारीक छिन्नीने उभ्याआडव्या रेघा दाट पाडी, त्या खरखरीत पृष्ठावर सोन्याचांदीची तार नक्षीबरहुकूम ठोकून बसवी आणि घोटून चकाकी आणी. ना डिंक, ना डाख. तार त्या रेघांनाच धरून राही. पाते मुठीत लाखेने पक्के करीत. पात्यावरच्या युरोपीय छापांची चर्चा अभ्यासक हौसेने करतात, मूठ घडवणाऱ्याची क्वचितच. हा अन्याय आहे. संग्रहालयात फिरंग दिसली, तर वाचकांनी आधी मूठ न्याहाळावी. — संपादक