वाळीत पडलेले गणिताचे शिक्षक

बहिष्कार या शब्दाचा पूर्वीचा धाक आजच्या शहरी कुटुंबास कळणे कठीण आहे. वाळीत पडलेल्या घरी पंगतीचे आमंत्रण जात नसे, धर्मकार्यास भटजी मिळत नसे, आणि कोणी दगावल्यास खांदा देण्यास माणसे मिळण्याची पंचाईत पडे. धोंडो केशव कर्वे यांच्या पुनर्विवाहाचा विचार करताना हे आधी ध्यानी घेतले पाहिजे.

कर्वे कोकणातील मुरूडचे; जन्म १८५८ चा. स्वभाव भिडस्त, बोलण्यात संकोच. बंडखोर म्हणावे असे त्यांच्या ठायी काहीच दिसत नसे. चिकाटी मात्र विलक्षण. विद्यार्थिदशेत सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी ते कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्यास गेले, आणि वय लहान दिसते एवढ्याच कारणावरून तेथून परत धाडले गेले. (परीक्षकांनी चेहरा पाहून वय ठरवावे, याचे आम्हां शिक्षकांस आजही नवल वाटते!)

१८९१ साली पत्नी राधाबाई निवर्तल्या. त्याच वर्षी कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. अशा विधुरास कुमारिका वधू सहज मिळाली असती. परंतु लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. मित्र नरहरपंत जोशी यांची भगिनी गोदूबाई बालविधवा असून पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला.

मुरूडास ब्राह्मणांची सभा भरली. कर्व्यांबरोबर कोणी एका बैठकीवर बसू नये, आणि ते घरी उतरल्यास त्या कुटुंबासही वाळीत टाकावे, असे ठरले. ज्या गावाच्या हितासाठी त्यांनी 'मुरूड फंड' उभारला होता, तेच हे गाव! स्वतःचा अपमान गिळता येतो. घरच्यांना होणारा जाच कसा गिळावा?

माझ्या मते येथेच त्यांचे वेगळेपण त्यांच्या कामी आले. गावातील मान राखण्याची चिंता उरली नाही, आणि गावावर राग धरणे हा तर त्यांचा स्वभावच नव्हता. चार विवाह लावून विधवांचा प्रश्न सुटत नाही, हे त्यांनी ओळखले व १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. विवाहाचा प्रश्न त्यांनी आश्रमापासून कटाक्षाने दूर ठेवला. मुलींनी शिकावे व आपल्या पायावर उभे राहावे, एवढेच तेथले काम. हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली. कॉलेज सुटल्यावर कर्वे पुण्याहून तेथवर पायी जात. पावसाळ्यात त्या वाटेवर चिखलच चिखल असे.

गोदूबाईंचा उल्लेख आपण एका वाक्यात आटोपतो, हे बरे नव्हे. समाजाचे टोमणे पुरुषापेक्षा स्त्रीस अधिक ऐकावे लागतात. पुढे आनंदीबाई या नावाने त्यांनी 'माझे पुराण' लिहिले. ते वाचल्यावाचून कर्व्यांचे चरित्र अर्धेच कळते.

१९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन झाले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्व्यांस भारतरत्न मिळाले. त्यांच्याच घरी वाढलेले ज्येष्ठ पुत्र रघुनाथराव हेही गणिताचेच प्राध्यापक. १९२१ पासून ते संततिनियमनाचा उघड प्रचार करू लागले, आणि १९२५ साली त्यांना कॉलेजातील नोकरी सोडावी लागली.