पत्त्याचे मोल: 'मॅजिक'ची पहिली सहा वर्षे

बावन्न पत्त्यांच्या जोडात एक्का राजाला मारतो, हे पाने वाटण्याआधीच ठरलेले असते. मेंढीकोटात हुकूम बदलला की ही उतरंड हलते, पण चौघांनाही ती सारखीच दिसते. ऑगस्ट 1993मध्ये अमेरिकेत 'मॅजिक: द गॅदरिंग' विक्रीला आला आणि ही सोय संपली. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेल्या पहिल्या आवृत्तीत 295 वेगवेगळे पत्ते होते. बहुतेकांवर त्यांचा स्वतंत्र नियम छापलेला होता, मात्र कोण कोणापेक्षा वरचढ हे सांगणारे कोष्टक कुठेच नव्हते. बंद पाकिटातून निघेल ते आणि अदलाबदलीत मिळेल ते घेऊन प्रत्येकाने आपला डेक बांधायचा. कोणता पत्ता ठेवायचा आणि कोणता टाकायचा, याचे उत्तर खेळाडूंना स्वतःच शोधावे लागले. त्या शोधात त्यांच्या हाती चांगल्या पत्त्यांची यादी लागली, त्याहून मोठी एक गोष्ट लागली असे मला वाटते: पत्त्याला स्वतःचे मोल नसते, देवाणघेवाणीत त्याला जो भाव मिळतो तेच त्याचे मोल.

सुरुवातीला सगळ्यांची नजर गेली ती आकाराने मोठ्या आणि दुर्मिळ पत्त्यांवर. 'शिवन ड्रॅगन' हा त्यांतला मानाचा पत्ता. सहा माना, म्हणजे खेळातली सहा एककांची ऊर्जा, खर्च केली की पाच ताकदीचा उडता राक्षस पटावर येतो. डावात एका पाळीला माना देणारी एकच जमीन लावता येते, म्हणून नुसत्या जमिनींवर सहा माना जमायला निदान सहा पाळ्या जातात. समोरचा मात्र एका मानात 'स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स' टाकतो आणि ड्रॅगन खेळातून कायमचा बाद होतो. ड्रॅगनच्या मालकाला भरपाई म्हणून पाच जीवनगुण मिळतात, पण त्याची अख्खी पाळी वाया गेलेली असते आणि प्रतिस्पर्ध्याकडे पाच माना शिल्लक असतात. हा हिशेब पत्त्यावरच्या चित्रात किंवा बाजारभावात दिसत नाही. तो दोन पत्ते समोरासमोर आल्यावरच मांडता येतो.

रचनाकाराला हे सारे आधीच ठाऊक असणार, असा आक्षेप येतो आणि त्यात तथ्य आहे. पहिल्या आवृत्तीत पत्त्यांच्या पाच रंगांना एकेका मानाचा एकेक पत्ता दिला होता आणि पाचही 'तीन'च्या मापाचे होते: 'लाइटनिंग बोल्ट' तीन इजा करतो, 'डार्क रिच्युअल' तीन माना देतो, 'जायंट ग्रोथ' प्राण्याची ताकद तीनने वाढवतो, 'हीलिंग साल्व्ह' तीन जीवनगुण देतो आणि 'अँसेस्ट्रल रिकॉल' तीन पत्ते उचलू देतो. यांपैकी शेवटचाच तेवढा गारफिल्डने दुर्मिळ ठेवला, म्हणजे त्याची ताकद त्याने ओळखली होती. पण दुर्मिळपणा हाच लगाम पुरेल, लोक मोजकी पाकिटे घेतील, हा त्याचा अंदाज साफ चुकला. 1994च्या सुरुवातीला स्पर्धांसाठी एका पत्त्याच्या चारच प्रतींची मर्यादा आली आणि काही पत्त्यांना तर एकाच प्रतीची. कोणता पत्ता जड हे त्याने जाणले, पण का जड, हे सर्वांना वापरता येईल अशा शब्दांत खेळाडूंनीच मांडले.

त्यांत कॅलिफोर्नियाच्या ब्रायन वाइसमनचे नाव आधी घ्यावे लागते. 1995च्या सुमारास गाजलेल्या त्याच्या डेकला नुसते 'द डेक' म्हणत. त्यात जिंकून देणारे प्राणी म्हणजे दोन 'सेरा एंजल', बाकी सारा भर अडवण्यावर आणि पत्ते उचलण्यावर. माझ्या एका पत्त्याने तुझे दोन संपले किंवा निकामी झाले की मी एका पत्त्याने पुढे, हे त्याचे मूळ गणित. प्रतिस्पर्ध्याने प्राणी मारण्यासाठी भरलेले पत्ते या डेकसमोर हातातच कुजत, कारण बराच वेळ मारायला कोणी पटावर येतच नसे. तेच पत्ते दुसऱ्या कोणापुढे डाव जिंकून देणारे. एवढ्या एका निरीक्षणाने 'चांगला पत्ता' ही कल्पना मुळापासून बदलली, आणि मला ती या खेळाच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घडामोड वाटते.

पण पत्त्यांची संख्या हेच एकमेव नाणे नव्हते. 1996मध्ये अटलांटाच्या पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय जे श्नायडरने आखलेला लाल डेक घेऊन उतरला. त्यातले 'आयर्नक्लॉ ऑर्क्स' हे दोन मानांचे प्राणी दोन किंवा अधिक ताकदीच्या प्राण्याला अडवू शकत नाहीत, म्हणून ते टाकाऊ समजले जात. सतत हल्ला करणाऱ्याला अडवायचेच नसते, तेव्हा हा दोष त्याला फुकट पडतो. दर पाळीला मिळालेल्या सगळ्या माना वापरायच्या, म्हणजे वेळ वाया घालवायचा नाही, हे त्या डेकचे सूत्र. 1995च्या 'नेक्रोपोटन्स'ने तिसरे नाणे दाखवले: नेहमीची उचल सोडायची आणि एक जीवनगुण देऊन एक पत्ता घ्यायचा. सुरुवातीच्या वीस जीवनगुणांपैकी हरवतो तो शेवटचा. आधीचे एकोणीस खर्चायलाच असतात, हे कळायला वेळ लागला.

यावर कोणी म्हणेल की नेक्रोपोटन्स ओळखण्यात चूक झालीच नव्हती. हातात चारांहून जास्त पत्ते धरणाऱ्याला इजा करणारा 'ब्लॅक व्हाइस' तेव्हा जोरात होता. त्यावर निर्बंध आल्यावरच 1996च्या उन्हाळ्यात नेक्रोपोटन्सच्या काळ्या डेकांचे राज्य आले. हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो माझीच बाजू भक्कम करतो: नेक्रोपोटन्सवरचे एक अक्षरही न बदलता त्याचा भाव चढला. अधिक अवघड आक्षेप 'ब्लॅक लोटस'चा. काही न घेता तीन माना देणारा हा पत्ता जवळपास प्रत्येक डेकमध्ये बसतो, मग त्याचे मोल स्वयंभू का म्हणू नये? कारण एकटा लोटस काहीच करत नाही. तो एक पत्ता देऊन दोन-तीन पाळ्यांचा वेळ विकत घेतो, आणि तो वेळ ज्यावर खर्चायचा तो पत्ता हातात हवा. सौदा इतका स्वस्त आहे की सगळ्यांनाच परवडतो, एवढेच.

1999मध्ये माइक फ्लोरेसने 'हूज द बीटडाउन' या लेखात हा विचार आणखी पुढे नेला. दोन सारख्या डेकांतही एकाने हल्ला करायचा असतो आणि दुसऱ्याने तग धरायचा. आपली भूमिका चुकीची ओळखणारा हरतो, असे त्याचे म्हणणे. हातात एकच 'लाइटनिंग बोल्ट' आहे आणि समोर ऑर्क उभा आहे. डाव लांबला तर मी वरचढ ठरणार असेन, तर बोल्ट ऑर्कवर जायला हवा. डाव लांबल्याने मीच हरणार असेन, तर ऑर्क तसाच सोडून तीन गुण थेट प्रतिस्पर्ध्यावर.