तळटीप: ‘पिढीजात द्राक्षमळा’
* फ्रान्समधला मळा थोरल्या मुलाकडे आपोआप जात नाही. १८०४च्या नेपोलियन संहितेने मुलामुलींना समान वारसा दिला. बर्गंडीतला क्लो द वूजो हा दगडी भिंतीतला सुमारे ५० हेक्टरांचा मळा विक्री आणि वाटण्या होत होत आज ऐंशीच्या आसपास मालकांत विभागला आहे. कुणाकुणाच्या वाट्याला वेलींच्या मोजक्याच ओळी येतात. म्हणून अनेक घराणी जमीन कंपनीच्या नावे अखंड ठेवतात आणि भावंडांत फक्त शेअर वाटतात. चोपड्याच्या तापीकाठी केळीच्या मळ्याचे हिस्से पडताना पाहिलेल्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे १९४७चा तुकडेबंदी कायदा आहे, महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्कही दिला. बहिणीकडून हक्कसोड लिहून घेण्यापेक्षा तिला भागीदार करणे केव्हाही न्याय्य.
— संपादक