शंभरातले दहा

शिकागोत राहणाऱ्या बहिणीला भेटायला युगोस्लाव्हियाचा एक नागरिक १९७६ साली अमेरिकेत आला. मुभा सहा आठवड्यांची होती. ती संपली तरी तो परतला नाही. हद्दपारीची कारवाई सुरू झाली तेव्हा आपण होऊन निघून जाण्याचे त्याने कबूल केले. पण जानेवारी १९७७ मध्ये त्याने एका अमेरिकन स्त्रीशी लग्न केले, तिने त्याच्यासाठी केलेला व्हिसाचा अर्ज मंजूर झाला, आणि लवकरच ती मोटार अपघातात गेली. मंजुरी आपोआप रद्द झाली. ऑगस्टमध्ये त्याने प्रतिज्ञापत्र दिले: लग्नानंतर आपण एका कम्युनिस्टविरोधी संघटनेत सक्रिय झालो, त्याच संघटनेपायी सासऱ्यांना युगोस्लाव्हियात तुरुंगवास घडला, परतलो तर आपलीही तीच गत होईल.

हा तपशील अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या ५ जून १९८४ च्या निकालपत्रात आहे. त्याची भीती खरी होती का, हे न्यायालयाने तपासले नाही. वाद मापाचा होता: छळाची शक्यता किती असली म्हणजे सरकारला माणूस परत धाडता येत नाही?

पूर्वी हद्दपारी रोखणे अॅटर्नी जनरलच्या मर्जीवर होते. १९६८ मध्ये अमेरिकेने निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉल स्वीकारला आणि १९५१ च्या करारातले ३३वे कलम तिला लागू झाले: जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात येईल तिथे निर्वासिताला परत पाठवू नये. १९८० च्या निर्वासित कायद्याने ही मर्जी काढून घेतली. धोका ठरला की परत पाठवायचेच नाही. मात्र धोका किती, याचा आकडा कायद्यात नव्हता. न्यायालयाने एकमताने सांगितले की छळ न होण्यापेक्षा होण्याचा संभव अधिक आहे, हे अर्जदाराने दाखवले पाहिजे.

त्याच कायद्यात दुसरी वाट होती, आश्रयाची. तिथे निर्वासिताची व्याख्या ‘छळाची साधार भीती’ अशी केली होती. तिचे माप ठरवण्याचे न्यायालयाने १९८४ मध्ये टाळले.

ते ठरले ९ मार्च १९८७ ला, निकाराग्वाच्या एका स्त्रीच्या खटल्यात. ती १९७९ मध्ये पर्यटक म्हणून आली आणि मुदतीनंतर राहिली. भावाचा राजकारणापायी तुरुंगात छळ झाला होता. आपण दोघे एकत्र पळालो हे निकाराग्वात सत्तेवर असलेल्या सँडिनिस्टांना ठाऊक आहे, परत गेल्यास त्याचा ठावठिकाणा विचारायला आपल्याला धरतील, असे तिचे म्हणणे. ती स्वतः राजकारणात नव्हती. इमिग्रेशन न्यायाधीशाने आणि अपील मंडळाने तिला दोन्ही वाटांसाठी एकच कडक माप लावले. पुढच्या अपिलात तिने हद्दपारी रोखण्याचा मुद्दा सोडून दिला आणि फक्त आश्रयाचा धरला. माझ्या मते सगळा खटला या माघारीवर उभा आहे; दोन मापे वेगळी आहेत का, हा एकच प्रश्न त्यामुळे शिल्लक राहिला.

न्या. जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी सहा विरुद्ध तीन मतांनी उत्तर दिले की ती वेगळी आहेत. एखाद्या देशात दर दहा प्रौढ पुरुषांमागे एकाला ठार मारतात किंवा दूरच्या श्रमछावणीत धाडतात, तर तिथून पळालेल्याची भीती साधार नाही असे कोण म्हणेल? १९८० च्या कायद्याच्या सिनेटमधल्या विधेयकात आश्रयालाही कडक माप होते आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने ते वगळले, हा पुरावाही त्यांनी मांडला. न्या. अँटोनिन स्कालिया निकालाशी सहमत होते, पण कायद्याची भाषा स्पष्ट असताना विधेयकांचे कागद उकरण्याची गरज काय, असे त्यांनी वेगळे लिहिले. इतिहास लिहिणाऱ्याला मात्र तेच कागद हवे असतात. विरोधी मत न्या. लुईस पॉवेल यांचे: मंडळाचा अर्थ वाजवी होता, त्याचा मान राखायला हवा होता.

सरकारचा आक्षेप असा की आश्रयात लाभ जास्त, मग पुरावा कमी कसा? त्याला निकालपत्राचे उत्तर आहे: आश्रय अधिकाऱ्याच्या विवेकावर असतो, पात्र ठरलेल्यालाही तो नाकारता येतो, हद्दपारी रोखणे बंधनकारक असते. उत्तर तर्काला धरून आहे. तरी न नाकारता येणारे संरक्षण सिद्ध करायला जड, आणि सिद्ध करायला सोपे ते नाकारता येणारे, ही रचना अर्जदाराच्या बाजूने पाहता विचित्रच.

जून १९८७ मध्ये अपील मंडळाने नवे माप स्वीकारले: त्या परिस्थितीत समंजस माणसाला भीती वाटली असती का? निकाराग्वाच्या त्या स्त्रीला मार्चच्या निकालाने आश्रय दिला नव्हता. तिचा अर्ज योग्य मापाने पुन्हा तपासला जावा, एवढेच त्यातून ठरले.